येरळेचा हिशोब एका कागदावर मांडा : दोन जिल्ह्यांच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, पुणे
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय : येरळा खोऱ्याचा एकत्रित पाण्याचा ताळेबंद आणि गावांकडून मागवल्या जाणाऱ्या माहितीची छाटणी

स.न.वि.वि.

येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, वडूजवरून येऊन येरळवाडीच्या धरणात अडते, पुढे सांगली जिल्ह्यात उतरते आणि खानापूर, कडेगाव, तासगाव, पलूस अशी जात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नदी एक, जिल्हे दोन, आणि तिच्या पाण्याच्या नोंदी ठेवणारी कार्यालये किती ते मोजायला बसलो तर पत्र तिथेच संपायचे. वर्षभरात या खोऱ्यात किती पाणी पडले, किती बाहेरून उचलून आणले, कुठे वापरले आणि मेअखेर काय उरले, हे एका कागदावर मांडलेले माझ्या पाहण्यात आजवर आलेले नाही. तो कागद आपण करावा. आणि तो करताना गावांकडे आणखी एक नवा तक्ता पाठवू नये.

पत्र उघड लिहितो आहे, कारण साधा अर्ज दिला की त्यावर ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडतो आणि तो एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. या विषयाला तर एक टेबलच नाही. पाऊस कृषी आणि महसूलकडे, धरण-कालवा जलसंपदाकडे, पाझर तलाव मृद व जलसंधारणकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, विहिरींची पातळी भूजल यंत्रणेकडे, नळाचे पाणी ग्रामीण पाणीपुरवठ्याकडे, पंपाची वीज महावितरणकडे. प्रत्येकाचे रजिस्टर आपापल्या जागी नीट असेलही. ती सगळी एका टेबलावर मांडून बेरीज-वजाबाकी करणे हे कुणाच्याच कामात बसत नाही.

गावाचा ताळेबंद आमच्या भागाला नवा नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. जलयुक्त शिवारात तो मांडला गेला. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्याच वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पहिला नंबर काढला, 2018 ला माणमधल्या टाकेवाडीने. अटल भूजल योजनेत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे आले. पर्जन्यमापक बसले, विहिरींची पातळी मोजायची साधने आली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ताळेबंदाचे फलक रंगले. ‘आपल्या शिवारात येतं किती आणि आपण उपसतो किती’ हा प्रश्न पारावर बोलला जाऊ लागला, हे लहान काम नव्हे. फलक बऱ्याच ठिकाणी अजून आहेत. त्यावरचे आकडे मात्र ज्या वर्षी रंग दिला त्याच वर्षीचे आहेत.

ते पुढे का चालले नाही? माझ्या मते कारणे दोन. ताळेबंदाची हद्द चुकली, आणि माहिती गोळा करणे इतके जड करून ठेवले की दुसऱ्या वर्षी ते करायला कुणी बसेना.

आधी हद्दीचे सांगतो. पाणी महसुली शीव ओळखत नाही हे सगळेच म्हणतात, पण ताळेबंद शिवेनेच मांडतात. वरचे गाव लिहिते, आमच्यातून एवढा अपधाव वाहून जातो, तो अडवायला आणखी इतके बंधारे घालता येतील. तो अपधाव हीच खालच्या गावाच्या ओढ्यातली आवक असते, आणि त्याच्या खालच्या धरणात तेच पाणी साठा म्हणून धरलेले असते. प्रत्येकाचा कागद आपल्यापुरता बरोबर. चार भावांनी आपापल्या घरचा हिशोब लिहिताना वडिलांची पेन्शन प्रत्येकाने आपल्या जमेत धरावी, तसे हे होते. सगळ्या गावांची बेरीज केली तर येरळेत कधी वाहिलेच नाही एवढे पाणी निघेल. येरळवाडीच्या वर अडवलेले पाणी येरळवाडीच्या जमेतून कुणी वजा केले आहे का, एवढे एकदा तपासून पाहा.

दुसरी गंमत बाहेरून येणाऱ्या पाण्याची. आता आमच्या खोऱ्यात नुसता पाऊस येत नाही. खटावात उरमोडी धरणाचे येते, जिहे-कठापूर योजनेचे कृष्णेतून उचललेले पाणी नेरच्या तलावात येते. खाली खानापूर-कडेगावला टेंभू उपसा योजना आहे, त्याच्या खाली ताकारी. गावाच्या तक्त्यात यासाठी बहुधा एकच रकाना असतो, आणि कालव्याच्या कोणत्या आवर्तनात गावाला किती घनमीटर मिळाले हे ग्रामसेवकाला कुठून कळणार? मग तो रकाना मोकळा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो. फेब्रुवारीत कालवा आला की काठच्या विहिरी चढतात. ताळेबंदात ती चढ नालाबांधाचे यश म्हणून लिहिली जाते. बांध घालणारा खूश, योजनेचा अहवाल खूश. कालवा बंद पडला त्या वर्षी विहीर का आटली याचे उत्तर मात्र कागदात सापडत नाही.

आता आकडे किती सोपे आहेत ते दाखवतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी, दहा हजार लिटर, अर्थात टँकरची एक खेप. टँकर आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतो. हजार हेक्टरचे गाव धरा आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरा. माण-खटावच्या पूर्वेकडे साधारण तेवढाच पडतो, त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला त्याच्या दहापट. म्हणजे गावावर 50 लाख घनमीटर पडले. त्यातले बहुतेक पिके, गवत आणि उघडी जमीन परत हवेत सोडतात. मुरते ते ढोबळ दहा टक्के. मांजऱ्यात, म्हणजे सच्छिद्र खडकात, जरा जास्त, अखंड काळ्या पाषाणात त्याहून कमी. दहा टक्के धरले तर 5 लाख घनमीटर. दोन हजार वस्तीला माणशी रोज 55 लिटर वर्षभर दिले तर लागतात 40 हजार घनमीटर. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी 25 हजारांच्या घरात लागते. म्हणजे गावात मुरलेले सगळे पाणी वीस हेक्टर, पन्नास एकर उसात संपले. अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी म्हणजे दोन हेक्टर ऊसही नाही. उसाऐवजी रब्बी ज्वारी असेल तर हेक्टरी चार हजारांत भागते, आणि ऊसच करायचा तर ठिबकवर निम्म्याच्या आसपास. ही गणिते शिकवायला सल्लागार संस्था लागत नाही. लागतो तो आपल्या गावचा खरा आकडा : पाऊस किती, ऊस किती.

ऊस किती, हे सगळ्यात चांगले कुणाला ठाऊक आहे? कारखान्याला. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद ठेवणारा माणूस, प्लॉटवर जाऊन लागणीची तारीख, जात, क्षेत्र, आडसाली की सुरू की खोडवा, सगळे टिपतो, कारण त्यावर पुढे तोडीचा क्रम ठरतो. इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुणाकडे नाही. तरी ताळेबंदासाठी तोच ऊस आम्ही गावच्या पाणी समितीचे लोक पुन्हा अंदाजाने लिहितो, कृषी सहायक वेगळा लिहितात आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या मोबाइलवर तिसरा लिहितो. तीन आकडे तीन प्रकारचे येतात आणि मग बैठकीत ‘मधला धरू’ असे ठरते. कारखान्यांकडून शेतकऱ्याचे नाव-गाव वगळून फक्त गावनिहाय आणि लागणनिहाय क्षेत्र मागवा. एवढे द्यायला त्यांना काही अडचण असण्याचे कारण नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मागितले तर ते मिळेल. उरलेल्या पिकांना ई-पीक पाहणी पुरे.

पावसाचे थोडे अवघड आहे. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळाला एक. आमच्याकडचा वळीव आणि परतीचा पाऊस मंडळ बघून पडत नाही; ओढ्याच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे धूळ उडते. मंडळाच्या गावी 65 मिलिमीटर झाले की अख्ख्या मंडळात अतिवृष्टी, आणि तिथे चाळीस झाले तर आमच्या शेतात गुडघाभर पाणी असूनही पंचनामा नाही. म्हणून पावसाच्या आकड्याकडे माणसे पाण्याच्या हिशोबाच्या नजरेने बघत नाहीत, भरपाईच्या नजरेने बघतात. ग्रामपंचायतींना मिळालेले पर्जन्यमापक चालू ठेवले आणि त्यांचा आकडा भरपाईशी न जोडता फक्त ताळेबंदासाठी घेतला, तर तो खरा येईल. एक करा : मापक कुठे बसवला आहे ते कुणीतरी येऊन बघा. चिंचेखाली बसवलेल्या मापकात पाऊस कमी आणि पाला जास्त पडतो.

पंपाची वीज हा उपशाचा चांगला अंदाज होता, कारण शेतीच्या फीडरला मीटर असते. आता सौर पंप वाढत चालले आहेत. त्यांचा उपसा महावितरणच्या कुठल्याच मीटरवर येणार नाही, आणि वीजबिल नसल्याने पंप दिवसभर चालणार. सौर पंपाला माझा विरोध नाही, रात्रीच्या पाळीने पाणी धरताना साप चावून माणसे गेलेली आहेत. पण अनुदान देतानाच पंपाला तास मोजणारे यंत्र असावे. नंतर बसवायला गेलात तर कुणी बसवू देणार नाही.

इथवरचे सगळे आकडे सरकारकडे, नाहीतर कारखान्याकडे आहेत. गावाकडून काय मागायचे? माझ्या मते फक्त विहिरींची पातळी, तीही वर्षातून चारदा. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतेच. त्याच आठवड्यात प्रत्येक गावाने आपल्या चार विहिरी मोजाव्यात : एक चढावरची, एक ओढ्याकाठची, एक मळ्यातली आणि एक पिण्याच्या पाण्याची. काम असे असते : सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आत जायचे, कठड्यावर एकदा रंगाने केलेल्या खुणेपासून टेप सोडायचा, टेपचे वजन पाण्याला टेकल्याचा आवाज येतो, मीटरमधला आकडा वहीत लिहायचा आणि आदल्या दिवशी मोटार किती तास चालली ते विहीरवाल्याला विचारायचे. चार विहिरींना एक सकाळ पुरते. खूण मात्र तीच हवी. कठडा बांधून उंच केला आणि खूण बदलली की विहीर कागदावर तीन फूट खाली जाते. मग मे महिन्यात सगळे घाबरतात.

या चार आकड्यांत पुष्कळ दडलेले असते. आपल्या खडकात पाणी धरून ठेवायची जागा साधारण दोन टक्के. म्हणजे हजार हेक्टरखाली पातळी एक मीटरने चढली तर पोटात 2 लाख घनमीटर आले. मे ते ऑक्टोबर चढ किती, ऑक्टोबर ते मे उतार किती, हे पाहिले की मुरले किती आणि उपसले किती याचा ढोबळ ताळा लागतो. कालवा आल्याची तारीख त्याच वहीत लिहिली की मघाचा घोटाळाही सुटतो. तक्त्यातले निम्मे रकाने या चार वाचनांवर रद्द करता येतील. लोकसंख्या, जनावरे, घरांची संख्या, बंधाऱ्यांची संख्या हे प्रत्येक योजनेत गावाकडून नव्याने विचारण्यात काय हशील? ते आपल्याच कार्यालयात आहे.

बोअरचे स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण सगळा हिशोब तिथेच फसतो. सातबाऱ्यावर विहीर बहुधा असते, बोअर बहुधा नसते. भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई आहे, म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे पाचशे-सातशे फुटांवर गेलेली बोअर शिवारोशिवारी आहेत. माहिती विचारायला येणारा आणि उद्या दंड करायला येणारा एकाच जीपमधून उतरत असेल, तर कोण खरे सांगेल? आम्हीही समितीत बसून शेजाऱ्याची बोअर लिहीत नाही. गावात राहायचे आहे. यावर उपाय गाव नव्हे, बोअरची गाडी. गाडी मारून जाते तेव्हा तिच्या मालकाला खोली फुटाफुटाने माहीत असते, कारण पैसे फुटावर घेतात. कितव्या फुटाला पाणी लागले, कोरडी गेली का, तेही त्याला माहीत असते. गाड्यांची नोंदणी कायद्याने सांगितलेलीच आहे. प्रत्येक गाडीने गाव, तारीख, खोली, पाणी लागल्याची खोली एवढे चार शब्द मेसेजने कळवावेत, शेतकऱ्याचे नाव नको. जुन्या बोअरवर कारवाईची भीती घालून काही मिळणार नाही. नवीन किती पडतात आणि किती खोल जातात एवढे कळले तरी खोरे कोणत्या दिशेने चालले आहे ते दिसेल.

मापांचेही एकदा काय ते ठरवा. धरण टीएमसीत, तलाव दलघमीत (दशलक्ष घनमीटर), कालवा क्युसेकमध्ये, टँकर खेपांत, बोअर फुटांत, आणि आमचे म्हातारे अजून विहिरीला दोन परस पाणी आहे म्हणतात. येरळेच्या कागदावर सगळे लाख घनमीटरमध्ये असावे. एक टीएमसी म्हणजे सुमारे 283 लाख घनमीटर. कोयना 105 टीएमसीची म्हटले की आम्हाला अभिमान वाटतो, पण त्यातले आपल्या शिवाराशी काय नाते आहे हे टीएमसीत कळत नाही.

वेळेचे एक. 15 ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून कालवा सल्लागार समितीची बैठक होते, तेव्हाच खोऱ्याचा ताळेबंद पुढ्यात असायला हवा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो मांडायची पद्धत दिसायला चांगली, पण तेव्हा परतीचा पाऊस अजून संपलेला नसतो. ऑक्टोबरअखेर ग्रामसभा घ्या. ज्वारी, हरभरा, गहू कुणी किती करायचा ते तेव्हा ठरते. आडसाली ऊस मात्र जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, म्हणजे पाऊस किती होणार ते कळायच्या आधी. त्यासाठी मेअखेरच्या पातळीवर एक कच्चा अंदाज जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जाहीर करावा लागेल. बंदी घाला असे म्हणत नाही. कागद वेळेत समोर आला तर शेतकरी स्वतः चार गुंठे कमी करतो. टंचाईच्या वर्षी फेब्रुवारीत वाळलेला ऊस त्याने पाहिलेला असतो.

हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. मराठवाडा-विदर्भात पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाचा ताळेबंद मांडायचे साधन करून दिले. पद्धत तयार आहे, तिला खोऱ्याची हद्द द्यायची. भूजल यंत्रणेने राज्याची पाणलोट क्षेत्रे पाडून ठेवलेली आहेत, कोणता गट कोणत्या पाणलोटात ते नकाशावर आहे. आणि येरळेला हिशोबाची सवय आहे. ऐंशीच्या दशकात बलवडीजवळ लोकांनी नदीतल्या वाळूच्या पैशातून बळीराजा धरण बांधले, आणि आधी ठरवले की पाण्याचा वाटा कुटुंबाला, भूमिहीनालाही. साठा किती, कुटुंबे किती, वाट्याला किती, हे त्यांनी बांधायच्या आधी मांडले होते. पुढे आटपाडीकडे समन्यायी वाटपाची जी मागणी उभी राहिली ती याच मुशीतली. त्या वेळी मोजून उचललेली वाळू पुढे बेहिशोबी गेली आणि तिच्याबरोबर पात्रात थांबणारे पाणीही गेले. आपल्या कोणत्याच तक्त्यात वाळूतल्या पाण्याचा रकाना मला दिसला नाही. तो एक मात्र जरूर वाढवा.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, येरळा जिथे संपते त्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, आणि त्याच महिन्यात जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. तेव्हापासून पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवायच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. वळवायचे तर कुठे किती जागा मोकळी आहे, कोणता तलाव कितीने रिता आहे, हे पूर यायच्या आठवड्यात शोधून चालत नाही. खोऱ्याचा कागद असेल तर ते जूनपासून माहीत असते.

तेव्हा मागणी एवढीच. 15 ऑक्टोबरच्या आत विट्याला एक बैठक घ्या. दोन्ही जिल्ह्यांचे वरिष्ठ भूवैज्ञानिक, उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू आणि ताकारीचे अभियंते, महावितरण, कृषी अधीक्षक आणि खोऱ्यातल्या कारखान्यांचे शेती अधिकारी यांना आपापली रजिस्टरे घेऊन बोलवा. सादरीकरण नको, रजिस्टरे हवीत. एका अधिकाऱ्याकडे हा कागद नावाने सोपवा, त्यांची बदली झाली तर कागद पदाबरोबर राहील असा आदेश काढा. विहिरींच्या वह्या आम्ही आणतो. तारीख ठरली की ती वडूजच्या आणि विट्याच्या, दोन्ही पंचायत समित्यांच्या फलकावर लावा. एका ठिकाणी लावली तर शिवेपलीकडच्या जिल्ह्याला ती बैठक होऊन गेल्यावर कळते.

आपला,
येरळाकाठचा एक शेतकरी, गावच्या पाणी समितीचा सदस्य
ता. खटाव, जि. सातारा